सगुणावहिनीची मूठ

नणंदेनं भावजयीचं कौतुक करायला घेतलं की ऐकणारे आधी गालात हसतात. यात कुठंतरी टोमणा दडलेला असणार, असं त्यांना वाटतं. म्हणून आधीच सांगून टाकते. टोमणे मी तिला पुष्कळ मारले, तिनंही ते सव्याज परत केले. पण आमच्या अख्ख्या पगारे घराण्यात छाती फुगवून सांगावं असं माणूस एकच निघालं, आणि तेही बाहेरून आलेलं. माझी सगुणावहिनी.

अठ्ठ्याहत्तर साली मी जालन्याकडच्या आमच्या गावाहून टायपिंग शिकायला वाशीजवळच्या बोनकोड्याला आले. माझा थोरला भाऊ दिनानाथ तेव्हा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगाच्या कारखान्यात कामाला होता. वाशीला सिडकोच्या इमारती उठत होत्या, पण आमच्या बाजूला अजून शेतं, खाडी आणि मिठागरंच होती. बोनकोडे गावातली एक खोली दादानं भाड्यानं घेतली होती. दादा, वहिनी, त्यांची लहानगी वैशाली आणि चौथी मी. खोली एवढीशी, की एकानं कूस बदलली तर बाकीच्यांना विचारावं लागे.

त्या खोलीत स्टोव्हशेजारी धान्याचे दोन डबे असत. मोठा घरचा, आणि लहान, डालड्याचा, मुठीचा. आमच्या ख्रिस्ती घरांतली ही जुनी चाल. स्वयंपाकाला धान्य काढलं की आधी त्यातली एक मूठ देवाची म्हणून वेगळी टाकायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते डबे मंडळीत, म्हणजे उपासनेला जमणाऱ्या आमच्या सभेत, न्यायचे, सगळ्यांच्या मुठी एका पिंपात ओतायच्या, आणि ज्याच्या घरी अडचण असेल त्याच्या दारी ते धान्य पोचवायचं. कुणाची मूठ कुणाच्या पोटात गेली, हे कुणी विचारायचं नाही. माझी आईसुद्धा मूठ काढायची. मात्र ती देवाच्या समजूतदारपणावर थोडी विसंबून असायची. कणी, किडके गहू, गेल्या सालची ज्वारी, असलं काय काय देवाच्या वाट्याला जायचं.

वहिनीकडे हे चालत नसे. "आपण खातो तेच त्याला. उरलंसुरलं द्यायला तो काय आपल्या दारचा कुत्रा आहे?" असं ती म्हणायची. तिचे हात अगदी लहान, बांगड्या घालताना कासार हसायचा. मूठ भरली तरी चिमूटच वाटे. म्हणून ती स्वतः मूठ काढतच नसे. सकाळी दादा पाळीला निघायच्या आधी ती डबा त्याच्यापुढे धरायची. "हात तुमचा मोठा आहे, मूठ तुम्ही काढा." दादाचा पंजा म्हणजे फावडंच. तो कुरकुरायचा, "दोन पोरी, एक बायको आणि चौथा देव, सगळ्यांना मीच पोसतोय." आणि मूठ काढायचा. ते धान्य पत्र्यावर पडल्याचा आवाज होत नाही तोवर वहिनी स्टोव्ह पेटवत नसे.

आता तिचा दुर्गुणही सांगते, नाहीतर नणंद कसली. देताना ती जितकी सैल, घेताना तितकीच ताठ. वाटीभर साखर उसनी आणायची म्हटलं तरी तिच्या कपाळावर आठी. "पदर पसरायचा तो देवापुढं, माणसापुढं नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य. मी तिला तोंडावर म्हणायची, "वहिनी, हा विश्वास नव्हे, हा गर्व आहे." ती म्हणायची, "तू टायपिंग कर."

आमच्या दोन घरं पलीकडे दुर्गाबाई राहायची. आगरी बाई, हाडापेरानं मजबूत, आवाज असा की खाडीच्या पलीकडचा वळून बघेल. तिची भातशेती नव्या शहरासाठी गेली होती. एक चिंचोळी पट्टी तेवढी उरली होती. नवरा मिठागरावर राबायचा. एका पावसाळ्यात त्यानं अंथरूण धरलं आणि पट्टीतलं पीक उभं राहायच्या आतच तिच्या घरातलं भात संपलं. ती कुणाला एका शब्दानं बोलली नाही. वहिनीनं मात्र ओळखलं आणि रविवारी मंडळीत तिचं नाव सांगितलं.

आमची मंडळी तेव्हा वाशीला एका शाळेच्या वर्गात भरायची. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू कमळाकर आढाव, मोठे सावध गृहस्थ. ते म्हणाले, "सगुणाबाई, बाई गरजू असेल, पण आपल्या मंडळीतली नाही."

"साहेब, भूक कुठल्या मंडळीतली असते?" वहिनीनं विचारलं.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि पिंपाकडे बोट केलं.

संध्याकाळी वहिनी तांदळाची पिशवी घेऊन दुर्गाबाईच्या दारात उभी राहिली. मी मागे होते. पिशवी बघून दुर्गाबाईचा चेहरा असा झाला, जणू कुणी तिच्या थोबाडीत मारली.

"मना नको तुजा तांदूल," ती म्हणाली. "आमी भात पिकवनारी मानसं. आमचे दारानशी कोन उपाशी गेला नाय. आमी कोनाचा घेत नाय."

मला वाटलं, झालं, आता दोघींची जुंपणार. पण वहिनी खाली बसली. उंबऱ्यावर, पिशवी मांडीवर घेऊन. "मग मी पण जात नाही," म्हणाली. गल्लीतल्या बाया गोळा झाल्या. दुर्गाबाई आत-बाहेर करत राहिली. शेवटी वहिनी हळूच म्हणाली, "दुर्गाबाई, तू इतक्या जणांना दिलंस, तेव्हा देवाचं नाव घेऊनच दिलंस ना? मग देताना आठवणारा देव घेतानाच का आठवत नाही? मी काही देत नाहीये. माझ्या हातून आलंय एवढंच."

दुर्गाबाईनं पिशवी घेतली. घेताना तिनं वहिनीकडे पाहिलं नाही. पुढं नवरा उठला, मिठागरावर जायला लागला, आणि दोघींची अशी गट्टी जमली की मासळीच्या दिवशी आमच्या खोलीत हटकून बोंबलांचा वास सुटायचा. तेवढं मात्र वहिनी घ्यायची, कारण बदल्यात ती भाकरी पाठवायची. फुकट काही नाही.

ब्याऐंशी साली दादाच्या कारखान्याला टाळं लागलं. आज उघडेल, उद्या उघडेल, करता करता महिने गेले. दादानं मिळेल ते काम केलं. गोण्या उचलल्या, उरणला जाऊन हमाली केली. मी टायपिंगची परीक्षा पास झाले होते, पण मला नोकरी कोण देतंय? घरचा डबा तळाला गेला. दोन वेळचं जेवण एकावर आलं, आणि त्या एकातलीही मूठ वहिनीनं सोडली नाही.

एका सकाळी तिनं डबा पुढे धरला. दादानं हात घातला, काढला, मुठीच्या डब्यात सोडला. वहिनी तशीच उभी राहिली. "आज तुमचा हात लहान झाला का?" तिनं विचारलं. आवाजावरूनच तिनं ओळखलं होतं.

दादा भडकला. मी त्याला इतकं चिडलेलं आधी कधी पाहिलं नव्हतं. "पोरगी भुकेनं रडतेय आणि तुला आवाज मोजायचे आहेत! मूठ आता आपल्याच घरी यायला हवी, कळतंय का तुला?"

आणि खरी गोम तिथंच होती. मंडळीत कुणाच्या घरी अडचण आहे, हे पाळकसाहेबांना सांगायचं काम वर्षानुवर्षं वहिनीचं होतं. ती इतरांची नावं सांगायची. आपलं नाव ती कशाला सांगतेय! सगळी मंडळी धरून चाललेली, की सगुणाबाई काही बोलत नाहीत म्हणजे त्यांचं ठीक आहे. दर पहिल्या रविवारी दादा अर्ध्या पोटी तो डबा उचलून वाशीपर्यंत चालत न्यायचा, आणि आमची मूठ दुसऱ्याच्या घरी जायची. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते खोटं नाही.

मी तिच्याशी भांडले. "मी सांगते पाळकसाहेबांना," म्हटलं. ती म्हणाली, "सांगितलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही." आणि मी तिला ओळखून होते, ती खरंच बोलली नसती.

मग एके दिवशी दुपारी दुर्गाबाई आली. डोक्यावर टोपली, टोपलीत तांदूळ. आमच्या दारात उतरवून म्हणाली, "गिरनीवर तुजा डबा लई दिस दिसला नाय. ह्यो घे."

वहिनी हसली. ते हसू कसलं, चेहऱ्यावर चिकटवलेलं. "आमचं बरं चाललंय गं. दुसऱ्या कुणाला दे."

माझी वहिनी, जी पोरीला झोपवायलासुद्धा खोटं सांगत नसे, ती माझ्यादेखत धडधडीत खोटं बोलली. आत दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. वैशालीनं टोपलीकडे पाहिलं आणि मग आईकडे. वहिनी मागे वळली आणि घासलेलं पातेलं पुन्हा घासायला बसली.

दुर्गाबाई खाली बसली. आमच्या उंबऱ्यावर, टोपली मांडीवर घेऊन. "मी नाय उठनार," ती म्हणाली, आणि तिच्या त्या आवाजात म्हणाली, त्यामुळे सगळ्या गल्लीला कळलं. बाया दारात आल्या. वहिनीच्या हातातली राख थांबेना. मला कळत होतं, ही बाई आज उठून गेली तर आम्ही उपाशी राहू, ते एक. पण त्याहून वाईट म्हणजे वहिनीनं आजवर दारोदार जाऊन जे सांगितलं ते सगळं बोलाचीच कढी ठरेल, आणि हे तिलाही पुरतं ठाऊक होतं.

"सगुना," दुर्गाबाई आता हळू बोलली. "तू माजे दारान बसलेलीस, त्या सालापासून मी पन मूठ काढतंय. रोज. पट्टीतल्या भाताची. माजे देवापुढं ठेवतंय. ह्यो माजा नाय, त्याचा हाय. देताना तुला देव आठवतो, मग घेताना कनाला आठवत नाय गो?"

पातेलं घासायचा आवाज थांबला. वहिनी उठली, हात धुतले, आणि दारात आली. मला वाटलं ती टोपली उचलून घेईल. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, त्याचं टोक दोन्ही हातांत धरलं, आणि सगळ्या गल्लीसमोर दुर्गाबाईपुढे पसरला.

दुर्गाबाईनं तांदूळ ओतला. पदर जड होत गेला तशी वहिनी वाकत गेली. तिच्या डोळ्यांतलं पाणी तांदळात पडत होतं आणि तिला ते पुसायला हात मोकळा नव्हता. वाशीच्या वर्गात, भरल्या मंडळीत, मी तिला किती वेळा पिंपात धान्य ओतताना पाहिलं होतं. दरवेळी अभिमान वाटायचा. पण त्या दुपारी वाटला तसा कधीच नाही. देणं तिला येतच होतं. हे तिला येत नव्हतं, आणि ते तिनं आमच्या डोळ्यांदेखत केलं.

आत आल्यावर तिनं तो तांदूळ मोठ्या डब्यात सोडला आणि डबा दादापुढे धरला. दादा उठून बसला. त्यानं हात घातला आणि मूठभर तांदूळ मुठीच्या डब्यात असा सोडला, की आवाज बाहेर दुर्गाबाईला ऐकू गेला असेल. मग वहिनीनं स्टोव्ह पेटवला. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांना तिनं पहिलं नाव स्वतःचं सांगितलं.

कारखाना काही उघडला नाही. दादाला पुढं दुसरीकडे काम लागलं, मला वाशीला टायपिस्टची नोकरी मिळाली, बोनकोड्याभोवतीची शेतं एकेक करून गेली. वहिनी मात्र पिशवी घेऊन फिरतच राहिली. फरक एवढाच पडला, की आता तिला उंबऱ्यावर बसावं लागत नसे.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीची गोष्ट असेल. तिच्यासोबत मी कोपरखैरण्याला एका नव्या बिऱ्हाडात गेले होते. मराठवाड्याकडून आलेली तरुण बाई, नवरा बांधकामावरून पडून घरी बसलेला. पिशवी बघताच ती दारामागे सरली, चेहरा लाजेनं काळवंडलेला. "नको हो बाई," म्हणाली. "आम्ही मागणारी माणसं न्हाईत."

पूर्वीची वहिनी असती तर तिनं देवाचं नाव काढलं असतं. ही वहिनी फक्त एक पाऊल पुढे झाली आणि पिशवी तिच्या हातात देत म्हणाली, "घे पोरी. मी पण घेतलंय."