पारूबाईंची पाटी

अब्बासचाचांच्या तोंडी सदा दोनच शब्द असायचे, "सुकू द्या." पौडच्या स्टँडमागे त्यांचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. दोन भाऊ बांधावरून भांडत आले तरी ब्रश न थांबवता म्हणायचे, "आज बोलू नका. सुकू द्या. वल्यावर दुसरा हात मारला की दोन्ही रंग जात्यात." गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या दुकानाच्या पाटीवर तीस वर्षं रंगाचा एकच हात होता, 'अब्बास पेंटर' जेमतेम वाचता येईल इतका फिका. विचारलं की म्हणायचे, "अजून सुकला न्हाई."

हिंजवडीतली नोकरी सोडून मी लवळ्यात कॉलेजच्या पोरांसाठी खानावळ काढली. स्वयंपाक आई करणार होती, म्हणून नाव तिचंच द्यायचं ठरलं, 'पारूबाई'. तोवर आईचं नाव कुठंच लागलं नव्हतं. सातबाऱ्यावर वडील, दारावर वडील, ट्रॅक्टरवर मी, आणि मला तर ट्रॅक्टर चालवताही येत नाही. "माझं नाव? रस्त्यावर?" म्हणून ती लाजली, आणि त्याच संध्याकाळी चार घरी सांगून आली.

फ्लेक्स अर्ध्या तासात मिळत होता. पण आई म्हणाली, "त्यो वाऱ्यानं फाटतोय. अब्बासभाईंकडनं करून आण."

चाचांनी आधी येऊन आईच्या हातचं पिठलं खाल्लं, तेही दोनदा. "जेवल्याबिगर अक्षर कसं काढू?" मग पत्रा घासला, अस्तर दिलं आणि आठ दिवस तो भिंतीला टेकवून ठेवला. मी रोज फोन करायचो. ते म्हणायचे, "इंजिनियर, तुमच्या फोननं रंग सुकत न्हाई."

शेवटी अक्षरं काढून झाली, तरी पाटी हाती येईना, आणि सोमवारी कॉलेज उघडणार होतं. रविवारी दुपारी चाचा नमाजाला गेले असताना मी दुकानात शिरून पाटीला बोट लावून पाहिलं. बोटाला काही लागलं नाही. अक्षरांवर धूळ बसू नये म्हणून रंगाची बाजू आत करून पाटी पाठीला आवळून बांधली आणि बाईकवर लवळ्याला निघालो. वाटभर स्वतःच्या हुशारीवर खूश होतो.

आईनं दारात पाटी सोडवली आणि नुसती बघत राहिली. पत्र्यावर तांबडं फरफटलेलं काहीतरी उरलं होतं. तिचं नाव माझ्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर उमटलं होतं, ठसठशीत, पण उलटं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "नसंल लागायचं माझं नाव." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुकानात पाटी दिसेना म्हणून पाठोपाठ चाचा रिक्षा करून आले. मी शिव्या खायच्या तयारीत होतो. त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, चष्मा चढवून माझी पाठ वाचली आणि म्हणाले, "'रू' चांगला उठलाय." मग आईकडे वळले. "वैनी, शिकलेलं लेकरू हाय, त्याला कुटनं कळणार? रंग आदी वरनं सुकतोय, आतनं सुकाया येळ लागतो. पाटी म्या पुन्ना काढतो. तवर ह्यो शर्ट टांगा दारात."

आईनं खरंच टांगला. सेल्फी घेताना मोबाइलवर ते नाव सरळ दिसतं, हा शोध पोरांना लागला आणि दारात गर्दी व्हायला लागली. फोटो काढून झाला की पोरं जेवायलाच बसायची. पहिल्या आठवड्यात खुर्च्या कमी पडल्या. आजही कॉलेजात आम्हाला 'शर्टवाली मेस' म्हणतात. मला मात्र त्याचं श्रेय कुणी देत नाही.

पाटी पाच आठवड्यांनी आली. चाचांनी ती स्वतः ठोकली. आई पदराला हात पुसत लांबच उभी होती.

"लावा हात, वैनी. आता सुकलंय."

आईनं एकेका अक्षरावरून बोट फिरवलं, मग बोट उलटून पाहिलं. कोरडं होतं. तिथंच ती रडली, आणि चाचांना पुन्हा पिठलं वाढलं.

गेल्या वर्षी चाचा गेले. आमची पाटी अजून तशीच्या तशी आहे. ते गेल्यावर चौथ्या दिवशी मी त्यांच्या दुकानी गेलो. त्यांची मुलगी शबाना ब्रश आवरत होती. वरच्या फिक्या पाटीकडे बघून माझ्या जिवाला लागलं. म्हटलं, "चांगला पेंटर बघतो. उद्याच दुसरा हात मारून घेऊ."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रडून डोळे लाल झाले होते, तरी हसली.

"दादा, परत घाई? सुकू द्या की जरा."