पुरता वाढलेला जवळा

किनाऱ्यावर जवळा वाळत होता. नखाएवढे जीव, प्रत्येकाला डोळ्यांचे दोन काळे टिपके. झाडूने तो हलवणाऱ्या कोळीणमावशींना मी म्हटलं, "कोळंबीची एवढीशी पिल्लं धरता, वाईट नाही वाटत?"

मावशी खळखळून हसल्या. "पिल्लं कसली गो बाय? जवळ्याची जातच येगली. याला पोरं झाली, नातवंडं झाली, तरी तो एवढाच!"

मी वरमले. अख्खा समुद्र मिळूनही ज्याला मोठं व्हायची गरज वाटली नाही, त्याची मी इतकी वर्षं कीव करत होते. आणि बुटकी म्हणून पन्नाशीतही मला लग्नाच्या फोटोंत पोरांच्या रांगेत उभं करतात, तेव्हा चिडते ती मीच!

पुडी घेऊन घरी आले. लसूण घालून चटणी केली आणि अहोजाहो करत खाल्ली.