बेचाळीस ठोके

सहदेव कल्याणचा टपाल हरकारा होता. मुंबईहून आगगाडीने आलेली मुरबाडची थैली खांद्यावर टाकायची आणि रायते गावच्या उतारापर्यंत तीन कोस पळत न्यायची. तिथे पोपट उभा असे. पुढचा टप्पा त्याचा. तीन कोसांना एक तास ठरलेला. थैली दहा शेरांची. उन्हाळा असो, चिखल असो, तास बदलत नसे.

अकरा वर्षांपूर्वी तो लागला तेव्हा पहिल्या कोसालाच काळीज घशात यायचं आणि तोंडाला रक्ताची चव लागायची. तरी तो रोज पळाला. दोन महिन्यांनी दुसरा कोस बिनथांबा गेला. चौथ्या महिन्यात रायत्याला थैली उतरवल्यावर चार श्वासांत तो पोपटशी बोलू लागला. दम असा कमवावा लागतो. कुणी बांधून देत नाही.

अठराशे एकोणऐंशीच्या पावसाळ्यानंतर वरून हुकूम आला. कुठल्याशा टप्प्यावर एक हरकारा पळता पळता मेला होता, म्हणून साऱ्यांची तपासणी. डाक्तरांनी सहदेवच्या छातीला लाकडी नळी लावली, हातात घड्याळ धरलं. मोजलं. परत मोजलं.

"चक्कर येते?"

"नाय साहेब."

"पायाला सूज? रात्री धाप?"

"कंदी नाय."

डाक्तरांनी मान हलवली आणि कागद लिहिला. तो टपाल कचेरीतले कारकून प्रभाकरपंत यांनी वाचून दाखवला. "हृदय वाढलेलं, नाडी फार मंद. पळण्यास लायक नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी; तेव्हाही असंच निघालं तर नाव कमी."

"पण मला काय व्हत नाय, पंत."

"निरोगी माणसाचे मिनिटाला बहात्तर ठोके पडतात, सहदेवा. तुझे बेचाळीस. तीस कमी भरले."

घरी हे ऐकून बायको मालन म्हणाली, "अवं, तीस ठोके सांडले तरी कुठं? सकाळी जाऊन रायत्याची वाट झाडून येते."

सहदेव हसला नाही. त्याच्या थैलीवर त्याच्याच वाडीतला दगडू बदली म्हणून लागला होता. पहिल्या आठवड्यात दगडू रोज उशिरा पोचला, वर त्याने पोपटच्या शिव्या खाल्ल्या. सहदेवला बरं वाटलं. मग वाईटही वाटलं.

सहा महिने पळायचं नाही, एवढंच डाक्तरांनी सांगितलं होतं. सहदेवने त्यात आपली भर घातली: चालायचंही नाही. तो पडवीत बाजेवर पडून राहू लागला. लाकूडफाटा मालन आणी, पाणी मालन भरी. पंधरा दिवसांनी तो कचेरीत जाई आणि प्रभाकरपंत भिंतीवरच्या घड्याळावर त्याची नाडी मोजत.

"सेहेचाळीस."

पुढच्या खेपेला पन्नास. मग चौपन्न.

"गुण येतोय हं," पंत म्हणाले. "पडून राहा. औषधापेक्षा हेच बरं."

ठोके वाढत होते आणि सहदेव सुखावत होता. माघात एकदा मालनला ताप आला म्हणून तो स्वतः खाडीकडच्या विहिरीवर गेला. चढावर दोन घागरींनी त्याला धाप लागली. मध्येच घागरी टेकवून तो उभा राहिला.

"बसून बसून आंग जड झालंय," घरी येऊन तो म्हणाला.

"आंग नव्हं, दम गेलाय तुमचा," मालन पांघरुणातून म्हणाली. "सोडा ती बाज आता."

"आन् ठोके परत उतरले म्हंजे? नाव कापलं म्हंजे?"

दम कसा आला हे सहदेवला दुसऱ्या कुणीही सांगायची गरज नव्हती. पण त्याने कागदावरचा आकडा खरा धरला.

सहाव्या महिन्यात डाक्तरांनी मोजले तेव्हा अडुसष्ट भरले. "उत्तम," ते म्हणाले आणि सही केली. दुसऱ्या दिवशी सहदेवने हरकाऱ्याचा घुंगरांचा भाला उचलला, थैली घेतली.

पहिला कोस त्याने जुन्या चालीने काढला. वाटेतल्या वरप गावाशी छातीत घण पडू लागले. बरगडीखाली कळ आली. श्वास आत जाई, पण पायांपर्यंत पोचत नसे. त्याने चाल कमी केली, मग नुसता चालू लागला. रायत्याला पोचायला पाऊण तास उशीर झाला.

पोपट उन्हात उभा होता. "काय रं, वाटेत लगीन लावून आलास?" तो ओरडला. मग सहदेवचं तोंड बघून त्याने थैली काढून घेतली आणि त्याला सावलीत बसवलं. चार श्वासांचं बोलणं सोडाच, सहदेवला घटकाभर शब्द फुटला नाही.

दुसऱ्या दिवशी तो जिवाच्या करारावर पळाला आणि वाटेत ओकला. अर्धा तास उशीर. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. प्रभाकरपंतांनी समोर बसवलं.

"तीन दिवस मुरबाडचं टपाल रखडलं. वरून विचारणा आलीय."

"पंत, तीन-चार म्हैने द्या. दम येतो परत. म्या एकदा आनलाय."

"टपाल चार महिने थांबेल का, बाबा?"

थैली दगडूकडे गेली, कायमची. सहा महिन्यांत तो तासाच्या आत पळू लागला होता.

सहदेव तरीही रोज पहाटे गोणत्यात दहा शेर माती भरून रायत्याच्या वाटेला लागला. कुणी सांगितलं नव्हतं. चौथ्या महिन्यात त्याने तो टप्पा तासात मारला. त्याच दिवशी तो कचेरीत गेला. हरकाऱ्याची एक जागा रिकामी झाल्याचं त्याने ऐकलं होतं. प्रभाकरपंतांनी नाडी धरली, घड्याळाकडे पाहिलं, आणि आकडा सांगायच्या आधीच हात सोडला.

"किती?"

"सत्तेचाळीस," पंत हळू आवाजात म्हणाले. "जागेसाठी आधी डाक्तरांकडे जावं लागेल."

दम परत आला, तसे ठोके परत उतरले होते. पडून राहिलं तर डाक्तर पास करतील आणि वाट नापास करील. पळत राहिलं तर उलटं.

"मग नको," तो म्हणाला.

त्या आठवड्यात तो बंदरावरच्या लाकडाच्या वखारीत ओंडके उचलायला लागला. तिथे छाती कुणी तपासत नव्हतं.