त्यांची गोळी आमची झाली तेव्हा

माझ्या बीपीच्या गोळीच्या पाकिटावर कंपनीचं नाव परत बदललंय. गोळी तीच, रंग तोच. कोणी कोणाला विकत घेतलं ते सून मोबाईलवर वाचून सांगते, मी मान हलवते. कळत काही नाही. तरुणपणीही कळत नव्हतं, पण तेव्हा मी स्वतःला हुशार समजायचे.

आमचे हे औषध कंपनीचे एमआर. धुळे, अमळनेर, चाळीसगाव अशी बॅग घेऊन फिरायचे. डॉक्टरांपुढे म्हणायचं भाषण आधी घरी म्हणायचे, आणि डॉक्टर मी. हे "गुड मॉर्निंग सर" म्हणायचे, मी लाटणं हातात धरून गंभीरपणे ऐकायचे. त्यामुळे आमची गोळी किती गुणाची आणि त्या दुसऱ्या कंपनीच्या गोळीनं पाय कसे सुजतात, हे मलाही पाठ. त्या कंपनीचं फुकट मिळालेलं कॅलेंडरसुद्धा मी भिंतीला लावू दिलं नाही. पगार यांचा, निष्ठा माझी.

एक दिवस हे येऊन म्हणाले, "दोन्ही कंपन्या एक झाल्या."

"आपण त्यांना घेतलं का त्यांनी आपल्याला?"

"दोघींना परदेशातल्या तिसरीनं घेतलं. नवीन औषध शोधायला फार वर्षं जातात, फार पैसा लागतो. म्हणून एकत्र."

"मग यात मुलीकडचे कोण? म्हणजे वाकायचं कोणी?"

"तू पोळ्या कर."

जेवताना खरं कळलं. धुळे-जळगावला आता एकच माणूस ठेवणार होते. हे, नाहीतर त्या कंपनीचा जळगावचा एमआर. मोठे साहेब जळगावला येऊन परीक्षा घेणार. ज्याला समोरच्याची गोळी चांगली सांगता येईल, तो राहणार.

पाठांतर सुरू झालं. हे "सर, या गोळीनं" म्हणून अडायचे, की मी शहाणी पटकन सुचवायचे, "पाय सुजतात." हे कपाळाला हात लावायचे. नोकरी जायची वेळ आली तरी माझी जीभ वळेना.

परीक्षेला मीही गेले. कोणी बोलावलं नव्हतं. हॉटेलच्या व्हरांड्यात तो जळगावचा बसलेला, शेजारी त्याची बायको. तीही बिनबोलावता आलेली. यांच्या तोंडी अजून "पाय सुजतात"च येतं, हे मी तिला सांगून टाकलं.

"आमनंबी तेच शे अक्का," ती म्हणाली. "तुमनी गोळीनं नाव लिधं का यास्ना तोंडमा पहिले खोकलाच येस."

आमच्या गोळीनं खोकला होतो म्हणे. मला राग आला, आणि हसूही. मग मीच म्हटलं, "भाऊ, तुमचं भाषण यांना शिकवा. हे आपलं तुम्हाला शिकवतील." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि खुर्च्या जवळ ओढल्या. जळगावच्या भाऊंनी कुठं थांबायचं, डॉक्टरांकडे कधी बघायचं, सगळं मनापासून शिकवलं. आमच्या यांनीही काही राखून ठेवलं नाही.

साहेबांनी आमच्या यांना ठेवलं.

निघताना ती माझ्याजवळ आली. "आमनं भाषण भाऊ मस्त बोलनात," म्हणाली. कौतुक होतं का टोमणा, मला तेव्हा कळलं नाही, आजही नाही.

स्टँडवर यांना विचारलं, "पेढे घेऊ का?"

यांनी बॅगेचा पट्टा नीट केला. मग म्हणाले, "घे. पण आधी त्यांच्या घरी देऊन येऊ का, ते सांग."

मी पेढे दोन पुड्यांत बांधून घेतले. तेवढ्यात धुळ्याची बस लागली.