थोरलीचा विमा

लग्नात मंगळसूत्राच्या आधी शीलाच्या गळ्यात दुसरी बाई पडली. काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा पातळ टाक आणि त्यावर उठवलेली एक बाई, दोन्ही हात खाली सोडून उभी. नाकडोळे सोनाराने घाईत ठोकलेले. ती शीलाच्या नवऱ्याची, बिभीषणची, पहिली बायको, गीता. लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच काविळीने गेली. वेरूळच्या अलीकडच्या त्यांच्या गावात बिजवराला मुलगी दिली की ही रीत असतेच. सवतीचा मान आधी, नवरीचा नंतर. शीलाच्या आईने तिला आधीच बजावून ठेवलं होतं, की चार सण गळ्यात घाल, मग देव्हाऱ्यात ठेवून दे, ती काय तुला खाती का?

खात नव्हती. फक्त प्रत्येक गोष्टीत पहिली असायची. नवी साडी आली की घडी आधी टाकावर टेकवायची, मग नेसायची. सणाचा पहिला घास तिचा. शीलाला मुलगी झाली तेव्हा सासूने, दगडाबाईंनी, बाळ आधी टाकाला दाखवलं आणि मग शीलाच्या कुशीत दिलं. बाळाला ताप आला, शिलाई मशीन अडलं, बिभीषणचा बोनस लांबला, की दगडाबाई म्हणायच्या, थोरली रुसली असंल. घरात तिला गीता असं कुणी म्हणत नव्हतं. ती मेली तेव्हा जेमतेम विशीतली पोर होती आणि शीला आता चाळिशीला आलेली, तरी थोरली तीच.

शहरात, उस्मानपुऱ्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये शीला फॉल-पिको करायची, ब्लाऊज शिवायची. दिवसभर दुसऱ्या बायकांच्या कोऱ्या साड्या तिच्या हातांतून जात. साडी उलगडताना तिची नजर आपोआप देव्हाऱ्याकडे वळे. गिऱ्हाइकाची साडी असली तरी.

बिभीषण वाळूजला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होता. कंपनीचा पोलंडमध्येही कारखाना होता आणि तिथे त्याची बदली झाली. तो आधी गेला. शीला आणि मुलगी व्हिसा आल्यावर जाणार, घरचं सामान जहाजाने जाणार. भाडं आणि विमा कंपनीच भरणार होती. शेजारणी विचारत, थंडी किती असते, भाकरीचं पीठ मिळतं का. शीलाने यातलं काहीच विचारलं नव्हतं. तिला एकच कळलं होतं, की आता एक घर असं असणार, जिथे थोरली आधी राहून गेलेली नसेल.

दगडाबाई धाकट्या मुलाकडे, कडूबाकडे, गावी राहणार होत्या. देव्हाऱ्यातले सगळे देव त्यांनी स्वतःच्या पिशवीत बांधले आणि टाक तेवढा बाजूला काढून ठेवला. "ही तुझ्यासंगं," त्या म्हणाल्या. "नवरा जिकडं, तिकडं ती."

टाक पाण्यात सोडायचा विचार शीलाच्या मनात येऊन गेला नाही असं नाही. पण तो आपल्या हाताने सोडावा लागला असता. तेवढी हिंमत तिच्यात नव्हती.

सामान नेणाऱ्या एजन्सीचा प्रणय नावाचा माणूस घरी आला. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्याने विमा समजावून सांगितला. प्रत्येक वस्तूपुढे तिकडे नवी घ्यायला जे पडेल ते लिहायचं, जुन्या बाजारातला भाव लिहायचा नाही. त्याच्या माणसांनी बांधलेल्या खोक्यातलं फुटलं तर भरपाई मिळेल, घरच्यांनी बांधलेल्यातलं फुटलं तर नाही. सोनं-चांदी, रोकड, कागदपत्रं खोक्यात टाकायचीच नाहीत, ती अंगावर न्यायची. तिकडून फोनवर बिभीषण मधेच ओरडत होता, कुकरची किंमत कमी लावू नका, इथं कुकर म्हणजे काय हेच दुकानदाराला माहीत नाही. प्रणय हसला. मग लॅपटॉप मिटता मिटता म्हणाला, "आणि ताई, जी वस्तू यादीत नाही, ती आमच्या हिशोबी घरातून निघालीच नाही."

"निघालीच नाही?"

"निघालीच नाही. हरवली तरी कुणी विचारणार नाही."

सामान बांधायच्या दिवशी सकाळी, एजन्सीची माणसं यायच्या आधी, शीलाने टाक एका ब्लाऊजपिसात गुंडाळला आणि मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात ठेवला. झाकण घट्ट बसवलं. दुपारी ते भांडं कागदात, कागद खोक्यात आणि खोकं चिकटपट्टीत गेलं. चांदीबिंदी नाही ना आत, असं प्रणयने खालमानेने विचारलं. ती नाही म्हणाली. टाकून तर दिला नव्हता तिने. पाठवला होता. वाटेत काय व्हायचं ते होईल.

त्यानंतर व्हिसाची वाट बघण्यापलीकडे काही उरलं नाही. दोन गाद्या, चार भांडी आणि दोन पिशव्या, एवढ्यावर घर चाललं होतं. मशीनही जहाजावर होतं. मुलगी शाळेत गेली की दुपारी फ्लॅटमध्ये शीलाची चप्पलसुद्धा मोठ्याने वाजे. अशाच एका दुपारी तिला पहिल्यांदा तो आवाज ऐकू आला. स्टीलच्या भांड्यात नाणं हलावं तसा. एकदाच, हलका. तिने स्वयंपाकघरात जाऊन होती ती चारही भांडी उपडी करून पाहिली. पुढे तो आवाज रिक्षात आला, दळणाच्या रांगेत आला. मिठाच्या बरणीचं झाकण लावताना हटकून यायचा. मग तिने झाकणं लावणं सोडलं. मीठ ओलं झालं. मुलीने विचारलं तर म्हणाली, राहू दे उघडं, जरा वारा लागू दे.

दगडाबाई चार दिवस राहायला आल्या. चप्पल काढली, पाणी प्यायल्या आणि देव्हारा काढलेल्या भिंतीवरच्या पांढुरक्या चौकोनाकडे बघत बसल्या.

"थोरली कुठंय?"

"पुढं गेली, आत्याबाई. सामानासंगं."

"एकटीच?"

शीला पानं घ्यायला उठली. दगडाबाईंनी पुन्हा विचारलं नाही. जेवताना मात्र त्यांनी पहिला घास मोडला आणि त्या चौकोनाखाली फरशीवर ठेवला. तो दोघींपैकी कुणीच उचलला नाही. संध्याकाळपर्यंत त्याला मुंग्या लागल्या.

दगडाबाई गावी परतल्या आणि त्याच आठवड्यात बिभीषणचा फोन आला. सामान पोचलं होतं. कंटेनरमध्ये आणखी दोन कुटुंबांचं सामान होतं, बंदरावरच्या गोदामात त्याची वाटणी झाली, आणि त्यात यांचं एक खोकं गेलं. मिक्सर, कुकर, तांब्याची भांडी असलेलं. तो खुशीतच होता. अख्खं खोकं हरवलं म्हणजे पूर्ण भरपाई, तीही नव्याच्या भावाने. यादीवर शीलाची सही होती, म्हणून दाव्यावरही तिचीच लागणार होती.

फोन ठेवून ती खाली फरशीवर बसली. सुटले, असंच तिला आधी वाटलं. मुलीसाठी शिरा केला. त्या दिवशी तो आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी एजन्सीच्या ऑफिसात प्रणयने कागद पुढे केला आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. दाखवता दाखवता, सगळ्यांना सांगतो तसं सांगितलं, की पैसे घेतल्यावर ते खोकं विमा कंपनीचं. उद्या सापडलं तरी त्यावर तुमचा हक्क नाही.

"सापडलं तर कंपनी काय करते त्याचं?"

"लिलाव. असं सापडलेलं सामान एकगठ्ठा विकतात. घेणारा त्यातलं चालू ते ठेवतो, बाकी भंगारात."

शीलाने पेन हातात धरलं होतं. तिला दिसलं ते असं, की कुणी परका माणूस चटणीचं भांडं उघडतोय, ब्लाऊजपीस झटकतोय, टाक दातांत धरून बघतोय चांदी खरी की खोटी. हरवावी असं तिला वाटलं होतं. विकली जावी असं नव्हतं वाटलं. ती आलेच म्हणून उठली आणि जिन्यात येऊन बिभीषणला फोन लावला.

"त्या खोक्यात थोरली हाय."

पलीकडे कारखान्यातली यंत्रं ऐकू येत होती. मग एक दार बंद झालं आणि यंत्रं ऐकू येईनाशी झाली.

"तू ठेवली?"

"व्हय."

का, असं तो विचारेल म्हणून तिने जीव मुठीत धरला होता. त्याने ते विचारलंच नाही. हलक्या आवाजात म्हणाला, "सही करून टाक."

"विकतील हो तिला."

"पत्रा आहे तो, शीला. आईला सांगू पोचली म्हणून. कर सही, संपू दे एकदाचं."

इतकी वर्षं तो देव्हाऱ्यासमोर मान वर न करता हात जोडायचा. शीला समजून चालली होती की याला बघवत नसेल. आता जिन्यात उभ्या उभ्या तिच्या लक्षात आलं, की त्या घरात टाकावरचा तो चेहरा जवळून पाहिलेलं माणूस ती एकटीच. दर सणाला चिंचेने टाक घासला तिने. डावा डोळा उजव्यापेक्षा खाली ठोकलाय हे ठाऊक होतं ते तिलाच. आणि उद्या त्या चटणीच्या भांड्यात शीला असती, तर हाच माणूस याच आवाजात तिसरीला म्हणाला असता, कर सही.

तिने वर जाऊन कागद परत दिला आणि खोक्यात चांदी आहे म्हणून सांगितलं. प्रणयने कपाळाला हात लावला. मी विचारलं होतं ना ताई, म्हणाला. आता अख्ख्या खोक्याचा दावा अडकेल, वर सापडलंच तर कस्टमवाले प्रश्न विचारतील. साहेबांशी बोलून घेतलं का? शीला म्हणाली, बोलले. पैसे नकोत, खोकं शोधा.

"काय आहे म्हणून लिहू? दागिना?"

"घरातलं माणूस आहे."

त्याने कागद पुढे ओढला. मग त्याने लिहिलं, चांदीचा पत्रा, एक.

बिभीषण त्यानंतर फोनवर मुलीशीच बोलत राहिला. ऑफिसातून शोध चालू आहे एवढंच कळे. फोन वाजला की थोरली सापडली असेल या विचाराने शीलाला भीती वाटे, आणि दुसरंच कुणी निघालं की वेगळी भीती वाटे. तशात व्हिसा आला, तिकिटं आली.

निघायच्या दिवशी दगडाबाई गावाहून आल्या. नातीच्या हातावर साखर ठेवली. शीला पिशवीची चेन ओढत होती तिथे येऊन उभ्या राहिल्या.

"थोरली पोचली का गं?"

पोचली म्हणायचं, असं बिभीषणने मुलीकरवी बजावून ठेवलं होतं.

"न्हाय, आत्याबाई," शीला म्हणाली. "वाटंतच हाय अजून."

दगडाबाईंनी मान हलवली, जणू त्यांना ते ठाऊकच होतं. "मग तिथं गेल्यावर दार लोटून बसत जाऊ नको. परका मुलूख. घर घावाया पाहिजे तिला."

"लई थंडी असती तिथं. दार उघडं कसं ठेवायचं?"

"थंडी व्हय," दगडाबाई म्हणाल्या. "तिला बी वाजत असंलच की."