झोपून बघितल्याशिवाय माल चढणार नाही

मार्थाताई बेडवर आडव्या झाल्या आणि आमच्या जबल अली बंदरातल्या गोदामातलं काम थांबलं. फोर्कलिफ्ट जागच्या जागी उभी. ती चालवणारा पेशावरचा गुलखान तोंडावर हात धरून हसत होता. साठी उलटलेली बाई, चपला काढून नीट बाजूला ठेवलेल्या, आणि हॉस्पिटलच्या जुन्या बेडवर छताकडे बघत शांत पडलेली.

"इक्बालभाई, डोक्याकडची बाजू वर करा."

मी हँडल फिरवलं. बेड कुरकुरला, मधेच अडला.

"हा नको. बाजूला काढा." त्या उठल्या, चपला घातल्या आणि पुढच्या बेडकडे गेल्या.

मी फ्रेट फॉरवर्डिंगमधला माणूस. म्हणजे दुसऱ्याचा माल कंटेनरमध्ये भरायचा, कागद करायचे आणि बोटीवर चढवून द्यायचा. मूळचा दापोलीकडचा, पण उमेदीची वर्षं गेली ती इथल्या गोदामांत. कंटेनर भरण्याला आम्ही स्टफिंग म्हणतो. स्टफिंग करताना मालाचं वजन बघतात, माप बघतात. मालावर झोपून बघणारी पार्टी मी आजवर पाहिली नव्हती.

मार्थाताई अहमदनगरच्या. शारजात नर्स म्हणून आयुष्य गेलं, आता मुलाच्या व्हिसावर इथेच. परदेशातल्या एका ख्रिस्ती संस्थेचं काम बघायच्या. मलावीतल्या एका खेड्यात या संस्थेचं मिशनचं प्रसूतिगृह आहे. तिथे बाया जमिनीवर चटई टाकून बाळंत व्हायच्या. इथलं एक हॉस्पिटल बंद पडलं, त्याचे बेड संस्थेने विकत घेतले आणि ते पाठवायचं काम आमच्याकडे आलं. बेड होते, गाद्या मात्र नव्हत्या. हॉस्पिटलने त्या आधीच फेकल्या होत्या आणि संस्थेचं बजेट जवळजवळ संपलं होतं.

गाद्यांचं आमच्या शेठनी जमवलं. शेठ श्रीवर्धनचे, कंपनी त्यांचीच. आमचा सगळ्यात मोठा क्लायंट बांधकामाची कामं घेणारी एक कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी होती. तिने मजुरांना राहायचा एक लेबर कॅम्प बंद केला होता आणि तिथल्या गाद्या ती दान करायला तयार होती. बातमी ऐकून मार्थाताईंनी तिथल्या तिथे डोळे मिटून प्रार्थना केली. मीही आमेन म्हटलं. आमचंही आमीनच असतं, फरक फारसा नाही.

कंटेनरचा कट-ऑफ दुसऱ्या दिवशी होता. कट-ऑफ म्हणजे पोर्टचं दार बंद व्हायची वेळ. ती चुकली की बोट गेली. ताई बेड तपासत होत्या त्याच सकाळी गाद्यांचा ट्रक आला. पुढे एका चकचकीत गाडीतून कंपनीचे पीआर मॅनेजर कपूर उतरले. पांढरा लिननचा शर्ट, बरोबर फोटोग्राफर आणि एक बॅनर. बॅनरवर आफ्रिकेचा नकाशा आणि त्यावर कंपनीचा लोगो, नकाशापेक्षा मोठा.

मी ट्रकच्या मागे गेलो आणि पहिली गादी ओढली. डाग दिसले. डागांचं सोडा, मी कोपरा उलटा केला आणि शिवण अंगठ्याने फाकवली. आत काळे ठिपके होते आणि त्यातले काही चालत होते.

कॅम्पमध्ये राहिलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. गल्फला आल्यावर पहिली काही वर्षं मी बंकवर काढली. दिवसभर उन्हात घासायचं आणि झोपायला गेलं की रात्रभर खाजवायचं. गुलखानने लांबूनच ओळखलं. "उस्ताद, खटमल!" म्हणाला आणि फोर्कलिफ्ट रिव्हर्स घेतली.

मी कपूरना गादी दाखवली.

"ओह, दॅट. स्प्रे मार देंगे," ते म्हणाले. "अरे भाई, आफ्रिका जा रहा है. दे डोन्ट इव्हन हॅव अ मॅट्रेस."

माझं डोकं सणकलं. माणूस गरीब असला की त्याची कातडी जाड होते, असं या लोकांना कोण शिकवतं? त्याच गाद्यांवर याच कंपनीची माणसं झोपली होती. तेव्हा यांना चाललं, म्हणून आता बाळंतिणीलाही चालणार!

शेठ केबिनमधून बाहेर आले. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "इक्बाल, शहाणपणा नको. वरच्या चार नीट लाव, फोटो होऊ दे. बाकीच्या भर आणि सील मार. यल्ला, चल लवकर."

"शेठ, ढेकूण आहेत."

"फुकट मिळतंय ना? धर्माची गाय आणि दात का गं नाय! तसली तऱ्हा तुमची."

"दात मोजणारच. मी हा माल भरणार नाही."

"मग उद्यापासून येऊ नको."

नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की मुलांची शाळा, घर, सगळंच जातं. माझी मुलगी तेव्हा बारावीला होती. हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. पण जीभ मागे हटेना.

मार्थाताई सगळं ऐकत होत्या. त्या ट्रककडे गेल्या, ती गादी ओढत आणली आणि कपूरांच्या पुढ्यात जमिनीवर टाकली.

"सर, लेट जाइए."

"सॉरी?"

"हमारा रूल है. जो चीज भेजनी है, उसपे पहले कोई अपना लेटता है. बेड पे मैं लेटी. गद्दा आपका है, तो आप." मग फोटोग्राफरकडे वळून, "बेटा, बॅनर पीछे पकडो. फोटो अच्छा आएगा."

फोटोग्राफरने खरंच कॅमेरा वर केला. कपूरांनी एकदा गादीकडे बघितलं आणि एकदा स्वतःच्या शर्टाकडे.

"मॅडम, बी रीझनेबल."

"रीझनेबलच आहे मी," ताई माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या. आवाज जराही चढला नव्हता. "गरिबाला दिलं ते मलाच दिलं, असं प्रभू येशूने सांगितलंय. म्हणून मी प्रत्येक बेडवर उद्या तोच झोपणार आहे असं समजून बघते. प्रभूला ढेकूण चावलेले मला चालणार नाहीत."

शेठ तावातावाने पुढे आले. मी म्हटलं, "शेठ, कपूरसाहेबांचं राहू द्या. तुम्ही झोपा. तुम्ही पाठ टेकलीत तर सगळा ट्रक मी एकटा भरतो."

शेठ वाकले. मला वाटलं झोपतात की काय. हात शिवणीपर्यंत गेला आणि मागे आला. मग त्यांनी मान खाजवली, मग दंड. शेठही कॅम्पमधूनच वर आलेले, माझ्याही आधीचे. एकही ढेकूण त्यांच्या अंगावर चढला नव्हता, पण ते खाजवत राहिले.

"खलास," ते म्हणाले. "ट्रक परत पाठव."

कपूर बॅनर गुंडाळून गेले. ट्रक वळला तसे शेठ माझ्यावर ओरडले, "आता अर्धा कंटेनर हवा पाठवणार काय आफ्रिकेला?"

"पाठवतो," मी म्हटलं.

आमच्या धंद्यात रिकामी जागा पाठवणं म्हणजे पाप. भाडं पूर्ण कंटेनरचं पडतं, आणि जागा राहिली की माल समुद्रात आपटून मोडतो. पण जेवढ्या गाद्या तेवढेच बेड पाठवायचे, असं ताईंनी ठरवलं. उरलेल्या बजेटमध्ये शारजातून रेक्झिनचं कव्हर असलेल्या नव्या गाद्या आणल्या. ताईंनी त्यांच्यावरही झोपून बघितलं. बाकीचे बेड पुढच्या खेपेला ठेवले. मधल्या रिकाम्या जागेत आम्ही डनेज बॅग लावल्या, म्हणजे हवा भरलेल्या मोठ्या पिशव्या. माल हलू नये म्हणून त्या असतात. दार लावण्याआधी ताईंनी प्रार्थना केली, गुलखानने बिस्मिल्ला म्हणून दार ओढलं आणि मी सील मारलं.

कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीने आपलं काम दुसरीकडे नेलं. शेठनी मला काढलं नाही, पण कित्येक महिने ते माझ्याशी गुलखानमार्फत बोलत होते. तोही निरोप आणताना आवाज शेठसारखा काढायचा.

मग एक दिवस मार्थाताई मोबाइल घेऊन गोदामात आल्या. मलावीहून व्हिडिओ आला होता. प्रसूतिगृहाची मुख्य सुईण, ग्रेस नावाची धिप्पाड बाई, अंगणात उतरवलेल्या बेडांपुढे उभी होती. तिने सँडल काढले, पहिल्या बेडवर आडवी झाली आणि कोणाला तरी हँडल फिरवायला सांगितलं. तिला हे कोणीही शिकवलं नव्हतं. मग दुसरा बेड, मग तिसरा. एका बेडचा पाय प्रवासात वाकला होता. माझीच एक बॅग सैल पडली असणार. ग्रेस त्यावरून उठली आणि कॅमेऱ्याकडे बोट करून म्हणाली, "धिस वन, नो. सेंड अनदर."

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघितलंत? तिने नको म्हटलं!" मला परत परत दाखवत होत्या. मलाही इतका आनंद माल पोचल्याच्या कुठल्या पावतीने झाला नसेल.

शेठनीही मागे उभं राहून बघितलं. "फुकटचं घेऊन वर नखरे," ते म्हणाले. पण हे मला म्हणाले, गुलखानला नाही.

"नखरे नाहीत शेठ. क्वालिटी कंट्रोल."

पुढच्या कंटेनरमध्ये ग्रेसचा बेड गेला. त्यावर ताई झोपल्या आणि त्यांच्यानंतर मी.

आजही कोणी आफ्रिकेला द्यायला म्हणून जुना माल घेऊन येतं. मी भाषण देत नाही. माल खाली उतरवतो, त्यांच्या पुढ्यात ठेवतो आणि म्हणतो, "चपला काढा."