खाली गेलेला काटा

आमच्या आणि धाकट्या जाऊबाईंच्या स्वयंपाकघराला एकच भिंत होती, आणि बांधणाऱ्याने तिच्यात विटा फार जपून वापरल्या होत्या. त्यामुळे तिकडचं भांडण मला इकडे भांडी घासता घासता, कान न लावता, सगळं मिळायचं. पंधरा वर्षांपूर्वीचं एक तर शब्दन् शब्द आठवतं.

"अहो, जेवायच्या टेबलावर हे काय मांडलंय?"

"मीटर. एक पाण्याचं टेम्परेचर दाखवतो, एक इंजिन ऑइलचं, एक गिअरबॉक्सचं. काळ्या तबकडीचे ठेवावे की पांढऱ्या, ते बघतोय."

"मागच्या महिन्यात मी चार दिवस तापाने फणफणत होते. घरात थर्मामीटर नव्हता."

"हात लावून कळत होतं की गं."

"मग त्या गाडीलाही हात लावून बघा!"

एक पातेलं आपटलं. मग जाऊबाईंचा आवाज खाली आला, आणि तो खाली आला की समजावं, आता खरं बोलणार.

"नीट ऐका. ती गाडी स्वतः जाते आणि स्वतः येते तोवर मी चकार शब्द काढणार नाही. ज्या दिवशी दुसऱ्या गाडीला दोरीने बांधून घरी येईल, त्या दिवशी विकायची. कबूल?"

"कबूल, कबूल."

इतक्या पटकन आलेलं कबूल ऐकून मी ओळखलं, की भावजी मीटरबरोबर आलेला कागद वाचताहेत.

भावजी म्हणजे आमच्या ह्यांचे धाकटे भाऊ. एकतीस वर्षं शीतगृहात नोकरी. तिथे ओळीने जाड दारांच्या खोल्या, प्रत्येक दाराबाहेर एक गोल मीटर. दर तासाला फिरायचं, काटा कुठे आहे ते बघायचं आणि वहीत लिहायचं. काटा खाली असला की मालकही खूश आणि मालही खूश. काटा वर सरकला की फोन, धावाधाव, शिव्या. दार उघडून आत बघायचं कारणच नाही, उलट उघडलं तर रागवायचे. एकतीस वर्षं माणूस दाराबाहेर उभा राहिला, की त्याचा आतल्या वस्तूपेक्षा बाहेरच्या काट्यावर विश्वास बसतो. गल्लीत त्यांना सगळे 'मायनस' म्हणायचे. घरच्या फ्रिजचं बटण ते असं ठेवत, की सकाळी दुधाला चमचा नाही, सुरी लागायची.

अशा थंड माणसाला बावन्नाव्या वर्षी ऊब आली. वीस वर्षं जुनी एक छोटी गाडी घेतली, मागची सीट काढून टाकली, आतले गालिचे ओरबाडले आणि तिला लाल पट्टा मारला. गावाबाहेर मोटारींच्या शर्यतीचा एक रस्ता होता. महिन्यातून एका रविवारी तो साध्यासुध्या माणसांना आपापली गाडी पळवायला मोकळा करत. ट्रॅक डे म्हणायचं त्याला. शर्यत नाही, बक्षीस नाही, कुणी मागे लागलेलं नाही. डोक्यावर हेल्मेट घालून गोल गोल फिरायचं आणि निघालो तिथेच परत यायचं. बैलाला ह्याच कामासाठी निदान डोळ्यांवर पट्टी बांधतात.

तिथल्या एकाने भावजींना सांगितलं, की कंपनीने दिलेला मीटर खोटारडा असतो. पाणी जरा गरम, जास्त गरम, काहीही असो, काटा मधेच बसून राहतो, गिऱ्हाईक घाबरू नये म्हणून. झालं! एकतीस वर्षं ज्याने काट्याची चाकरी केली, त्याला काटा खोटं बोलतो हे सहन होईना. चार महिने त्या घरात दुसरा विषय नव्हता. काट्याचा घ्यावा की नुसते आकडे दाखवणारा, लाल दिव्याचा की निळ्या, सुरू केल्यावर काटा शेवटपर्यंत जाऊन परत येतो तो घ्यावा की जागेवरून हलतो तो. मुलीला स्थळ बघताना भावजींनी दोन प्रश्न विचारले होते. मीटरच्या दुकानदाराला त्यांनी दोन दुपारी बसवून ठेवलं.

शेवटी तीन मीटर ठरले, काळ्या तबकडीचे, एकसारखे, तिळ्यांसारखे. आणि मग मिस्त्रींना बोलावणं गेलं.

मिस्त्री आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाले. बोलायला तिखट, हाताने सोनं. मी अंगणात कपडे वाळत घालत होते, त्यामुळे पुढचं समोरच झालं.

"साहेब, मीटर कुठलाही घ्या हो. सेन्सर कुठे बसतो ते महत्त्वाचं. तो इंजिनाच्या डोक्यात बसवू, जिथे पाणी सगळ्यात तापतं."

"पण ह्याच्याबरोबर हा पाईपचा तुकडा मिळालाय. खालचा पाईप कापायचा, हा मधे घालायचा, दोन्हीकडून क्लिपा. भोक पाडायला नको."

"खालच्या पाईपात रेडिएटरमधून गार होऊन आलेलं पाणी असतं."

"तेच म्हणतोय मी. काटा खाली राहील!"

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी ओल्या चादरीमागे गेले.

"साहेब, रडून, तोंड धुऊन, पावडर लावून आलेल्या माणसाला विचारणार तुम्ही, की दुखतंय का?"

"मिस्त्री, टेम्परेचरमधलं मला शिकवू नका."

"बरं. ह्या तीन मीटरच्या जागी एकच घ्या आणि बाकीच्यांऐवजी एक बझर बसवा. पाणी कमी झालं की बोंबलेल."

"बझर कसला! नुसती कटकट. माणसाची नजर हवी."

सेन्सर खालच्या पाईपात बसला. मिस्त्रींनी क्लिपा आवळल्या आणि हात पुसत म्हणाले, "मी काही बोललो नव्हतो असं नका म्हणू."

त्या रविवारी जाऊबाई आल्या नाहीत, म्हणून सँडविचचा डबा घेऊन मी गेले. खरं सांगायचं तर मला मजा वाटायची. कुंपणाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलं की निम्म्या गावाचे पोक्त पुरुष पोरांसारखे हुंदडताना दिसत. मिस्त्री माझ्या शेजारी पाय पसरून बसले होते.

पहिल्या फेऱ्या ठीक झाल्या. समोरून जाताना भावजी काचेतून अंगठा दाखवत. पाचव्या फेरीला गाडीमागे रस्त्यावर एक ओली रेघ दिसली. सहाव्या फेरीला बॉनेटच्या फटीतून पांढरं काहीतरी निघत होतं, आणि भावजींचा अंगठा आणखी उंच होता.

"मिस्त्री, धूर आहे का हो?"

"वाफ आहे, ताई." मिस्त्री उठून उभे राहिले. "क्लिप सुटली. पाणी चाललंय सगळं."

"मग ते थांबत का नाहीत?"

"सेन्सर आता हवेत लटकतोय. तो काय दाखवणार? काटा खाली गेला असणार."

तिथला माणूस, गाडी थांबवा असं सांगणारा काळा झेंडा घेऊन जिवाच्या आकांताने हलवत होता. भावजींनी त्यालाही हात केला. नंतर ते म्हणाले, मला वाटलं, कौतुक करताहेत. काटा इतका खाली कधी आला नव्हता, वहिनी. मी म्हटलं, आज गाडी काय सुरेख थंड चाललीये, अजून एक फेरी मारूया.

ती फेरी अर्धीच झाली. लांबच्या वळणावर ठण्ण असा आवाज आला आणि गाडी गवतात जाऊन बसली.

मिस्त्रींनी आपली व्हॅन आणली, दोरी काढली. तेव्हा कुठे भावजींचा चेहरा उतरला. इंजिनाचं त्यांना इतकं काही वाटलं नव्हतं.

"वहिनी, दोरीने नको. घरी कबूल केलंय."

"मग डोक्यावर घेऊन जा," मी म्हटलं.

व्हॅनमध्ये मी पुढे बसले होते, मागे दोरीच्या टोकाला भावजी हेल्मेटसुद्धा न काढता स्टिअरिंग धरून. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो आणि त्यांनी हॉर्न वाजवून वाजवून व्हॅन थांबवायला लावली. दोरी सोडली, गुंडाळली, व्हॅनमध्ये लपवली. मग दोन पन्नाशी उलटलेले पुरुष गाडी ढकलू लागले. मी साठी कधीच ओलांडलेली, पण डबा बगलेत धरून मीही एक हात लावला. चढावर मिस्त्री म्हणाले, "साहेब, आता तरी काटा बघा, आपला किती वर गेलाय."

जाऊबाई दारातच उभ्या होत्या. नवऱ्याच्या शर्टातून घाम टपकत होता. मिस्त्री खाली बघत होते. मी डबा पदराने पुसत होते, जसा काही तो दोषी.

"बांधून आली का?" जाऊबाईंनी विचारलं.

भावजी खोटं बोलले असते तर मी त्यांना तिथेच ऐकवलं असतं. पण ते म्हणाले, "कोपऱ्यापर्यंत बांधून. मग ढकलून. माझंच चुकलं. काटा खाली गेला आणि मला बरं वाटलं."

इतक्या वर्षांच्या संसारात जाऊबाईंनी हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं असावं.

"घरी तर ढकलूनच आली ना? ढकलण्याबद्दल मी काही बोलले नव्हते," त्या म्हणाल्या. "राहू दे. पण आता मीटर मी निवडणार."

आणि त्या खरंच गेल्या दुकानात. दहा मिनिटांत आल्या. एकच मीटर, मोठे आकडे, आणि पाणी कमी झालं की वाजणारा बझर. दुकानदाराला त्यांनी तो दुकानातच वाजवून दाखवायला लावला, आणि बाहेरचे लोक आत बघायला आले तेव्हा म्हणाल्या, हाच द्या. मिस्त्रींनी इंजिन नव्याने बांधलं आणि सेन्सर त्याच्या डोक्यात बसवला. तीन तिळे मीटर भावजींनी कपाटात ठेवले, आणि कुणी पाहुणा आला की काढून पुसत.

त्यानंतर दहा वर्षं त्यांनी गाडी पळवली. शहाणे झाले असं मी म्हणणार नाही. पुढे चार महिने टायरमधल्या हवेचा मीटर निवडण्यात गेले.

भावजी वारले त्याच्या आदल्या दिवशी शनिवार होता, आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक डे. नेहमीप्रमाणे दुपारी चारला भिंतीवर टकटक केली.

"वहिनी, बाजारात चाललोय. काही आणू?"

"लोकर. हिरवी. मागच्या वेळेसारखी निळी नको."

"निळी कधी आणली मी?"

तासाभराने आले. एका हातात इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटचा कॅन, दुसऱ्यात जाऊबाईंच्या खोकल्याचं औषध, दोन बल्ब आणि माझी लोकर. निळी. "हिरवीच आहे, बाहेर उजेडात बघा," म्हणून मलाच दटावलं. मग बॉनेट उघडून पाणी भरलं, सांडलेलं फडक्याने टिपलं.

"क्लिपा बघितल्या का?" जाऊबाई आतून ओरडल्या.

"बघितल्या गं."

"हात लावून?"

त्यांनी वाकून दोन्ही क्लिपांना हात लावला, बॉनेट बंद केलं आणि चहा प्यायला आत गेले.